चाळ आठवायची, नाहीतर पाडायची

गेल्या गणपतीत मी आईला एक रील पाठवलं. चाळीची गॅलरी, लाकडी कठडा, त्यावर वाळत घातलेल्या चादरी, दारादारांत रांगोळ्या, मागे हळू सनई. खाली कमेंट्सची रांग लागली होती. ते दिवस राहिले नाहीत, ती माणसं राहिली नाहीत, वगैरे. आईची ब्लू टिक आली आणि दोन मिनिटांनी उत्तर आलं: "जिन्यातला बल्ब गेलाय. येताना नवीन आण."

आई अजून त्याच दिवसांत राहते. लालबागला, १९४० च्या आधी बांधलेल्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. जिन्याखाली चार लोखंडी टेकू लावलेत. ते तात्पुरते म्हणून लावले तेव्हा मी नववीत होतो. आता मी नोकरी करतो आणि टेकूंना दोनदा रंग देऊन झालाय.

यंदा चाळीत दोन कागद फिरतायत. एक दुरुस्तीसाठी पाठपुरावा करायचा अर्ज, दुसरं बिल्डरला द्यायचं संमतिपत्र. आईने दोन्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलेत. एका रविवारी तिने विचारलं, "तू एवढं वाचतोस, सांग ना, कुठे सही करू?"

मला जे येतं ते मी केलं. चाळीवर जे लिहिलं गेलं, रंगमंचावर आलं, पडद्यावर आलं, ते पुन्हा वाचत-बघत बसलो. महिनाभराने लक्षात आलं की या सगळ्यात चाळ एकतर आठवली जाते किंवा संपते. चाळ दुरुस्त होते, असं मला कुठेच सापडलं नाही. आईच्या दोन कागदांपैकी एका कागदावर आपल्याकडे गोष्टच लिहिली गेलेली नाही.

हसण्यामागचं भाडं

सुरुवात अर्थातच पु. ल. देशपांड्यांच्या 'बटाट्याची चाळ'पासून. पुस्तक १९५८ चं. आपल्या पिढीतल्या बऱ्याच जणांना ते आजोबांच्या कॅसेटमधून किंवा यूट्यूबवरून भेटलंय. मी या वेळी ते हसण्यासाठी न वाचता, भिंती बघत वाचलं. इमारतीची अवस्था काय आहे, मालक कोण, भाडं किती, हे शोधत.

आणि मग त्या विनोदाखालचा पाया दिसायला लागला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला सहज काढताही येईना. त्यामुळे एकेक बिऱ्हाड एकेका खोलीत तीस-चाळीस वर्षं टिकलं. शेजाऱ्याचा स्वभाव, त्याचा आवाज, त्याच्या मुलीचं लग्न, त्याच्या नोकरीतलं अपयश हे सगळं माहीत व्हायला तेवढी वर्षं लागतात. अकरा महिन्यांच्या करारावर 'बटाट्याची चाळ' लिहिता आली नसती. आपण ज्याला चाळीचा जिव्हाळा म्हणतो त्यात माणसांच्या चांगुलपणाइतकाच त्या भाड्याच्या पावतीचा वाटा आहे.

त्याच पावतीने चाळ खिळखिळीही केली. महिन्याला काही रुपये भाडं येणाऱ्या इमारतीवर मालक गिलावा कशाला करेल? जिव्हाळा आणि पडझड एकाच कायद्याची जुळी मुलं. हे जुळेपण मला पु.लं.च्या पुस्तकात पुसट जाणवतं, पण तिथे पडझड बहुतेक वेळा विनोदाचा भाग होते. 'गच्चीसह झालीच पाहिजे' या लेखात भाडेकरू गच्चीसाठी मालकाविरुद्ध चळवळ उभी करतात. शीर्षकात संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेचं विडंबन आहे आणि ते आजही हसवतं. पण मला वाचताना थांबावंसं वाटलं. भाडेकरू एकत्र येऊन आपल्या इमारतीबद्दल काही मागतात, असा हा दुर्मीळ प्रसंग आहे. मराठीत तो आला, आणि आला तो थट्टा म्हणून.

शेवटी 'एक चिंतन' येतं. सूर बदलतो, हसणं मागे पडतं आणि निरोपाची भाषा सुरू होते. चाळ अजून उभी असताना तिला निरोप द्यायची सवय आपल्याला तिथे लागली, असं मला वाटतं. ते रील त्याच चिंतनाचा पन्नास सेकंदांचा अवतार आहे.

पु.लं.वर हा आरोप नाही. १९५८ मध्ये गॅलरीबाहेर टॉवर उभे नव्हते. त्या वेळी निरोप ही भावना होती. आज तो एक व्यवहार आहे, आणि व्यवहार चालू असताना समोरच्याने आपल्याला भावुक करून ठेवणं कोणाच्या फायद्याचं असतं, ते सांगायला नको.

नळाची वेळ

किरण नगरकरांच्या 'रावण आणि एडी'मध्ये (मूळ इंग्रजी कादंबरी १९९५ ची) माझगावच्या सीडब्ल्यूडी चाळी आहेत. हिंदू आणि ख्रिश्चन कुटुंबं वेगवेगळ्या मजल्यांवर, आणि दोन मुलांची आयुष्यं एका अपघाताने बांधलेली. नगरकरांना मी जास्त गुण देतो, कारण त्यांना चाळीचं पाणी दिसतं. नळाला पाणी कधी येतं, रांगेत कोण पुढे घुसतं, त्यावरून भांडणं कुठवर जातात, हे त्यांनी युद्धकथेच्या तोऱ्यात लिहिलंय. चाळ म्हणजे माणसं, हे सगळेच सांगतात. चाळ म्हणजे नळ, पाइप, मोरी आणि कॉमन संडास, हे सांगायला कादंबरीकाराला नाक मुठीत धरून आत शिरावं लागतं.

आमच्या चाळीतल्या बायकांना विचारा, त्या गॅलरीबद्दल नंतर बोलतील. आधी संडासाबद्दल बोलतील. रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन गॅलरीच्या टोकापर्यंत जाणं, पाळीच्या दिवसांत रांगेत उभं राहणं, गुडघे गेल्यावर उकिडवं बसणं. शेजारच्या काकूंनी एकदा मला सांगितलं, "तुमच्या त्या लेखकांना एक महिना आमच्या मजल्यावर ठेवा. मग आठवणी लिहा म्हणावं." चाळ वाचवा म्हणणाऱ्याने काकूंना उत्तर द्यायला हवं. ते न देता केलेलं चाळप्रेम बहुतेक वेळा ज्यांची सुटका झालीय त्यांचं असतं. त्यात मीही आलो. मी आता डोंबिवलीत भाड्याने राहतो, स्वतःच्या संडाससकट.

गिरणी गेली, मग खोली

जयंत पवारांचं 'अधांतर' १९९७ मध्ये रंगमंचावर आलं. गिरणी कामगाराचं घर, एक खोली आणि त्या खोलीत न मावणारी तरुण मुलं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप या घराच्या आत येऊन बसलाय. या नाटकावरून महेश मांजरेकरांनी २०१० मध्ये 'लालबाग परळ' केला. त्यात गोळीबार आणि आरडाओरडा जास्त ऐकू येतो. नाटकात खोलीची घुसमट जास्त ऐकू येते.

'अधांतर' मी तीनदा वाचलं आणि दर वेळी थोडा घाबरलो. कारण पवारांनी एक गोष्ट कोणत्याही अहवालापेक्षा नेमकी दाखवलीय. घर परवडणं हा फक्त भाड्याचा प्रश्न नसतो. भाडं तेच राहिलं आणि पगार गेला, तर तीच स्वस्त खोली सापळा होते. माणूस तिथून हलू शकत नाही आणि तिथे राहूही शकत नाही. गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि ऑफिसं आली, तिथे वेगळे पगार आले. खोलीतल्या माणसाच्या हाती त्या नव्या परळमध्ये विकण्यासारखी एकच वस्तू उरली, ती म्हणजे खोली. पवारांच्या कथासंग्रहाचं नाव 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर'. परळमध्ये वाढलेल्या कोणाला त्यातला फिनिक्स समजावून सांगावा लागत नाही.

पण इथेही इमारत फक्त नियती म्हणून उभी आहे. ती घुसमटवते आणि माणसं बाहेर फेकली जातात. कोणी छपरावर चढून ताडपत्री बांधत नाही. हा पवारांचा दोष मानायला मी तयार नाही, कारण शोकांतिकेला ताडपत्री चालत नाही. मात्र एका पिढीने विनोद आणि दुसरीने शोकांतिका लिहिली, की मधल्या रोजच्या, कंटाळवाण्या, वर्गणी काढून केलेल्या कामाला वाङ्मयात जागा उरत नाही. आमच्या चाळीत हेच काम गेली चाळीस वर्षं चाललंय. पाण्याची टाकी वर्गणीने आली, मोटर वर्गणीने आली, पावसाळ्याआधी डांबर वर्गणीने लागतं. त्याचा हिशेब एका लाल वहीत आहे. मला ती वही कादंबरीइतकी वाचनीय वाटते.

पार्वतीचा कागद

पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' २०२४ चा. कान महोत्सवात त्याला ग्राँ प्री मिळाल्यामुळे तुम्ही तो बघितला असेल किंवा बघायच्या यादीत टाकला असेल. छाया कदमची पार्वती इस्पितळात स्वयंपाक करते, चाळीत एकटी राहते. नवरा गेलाय, आणि घर तिचं आहे हे सिद्ध करणारा कागद तिच्याकडे नाही. बिल्डरला ती दिसतच नाही. शेवटी ती कोकणात परत जाते.

मला हा चित्रपट वरच्या सगळ्यांच्या एक पाऊल पुढे वाटतो, कारण त्याने चाळीच्या गोष्टीत पहिल्यांदा कागद मध्यभागी आणला. भाडेपावती कोणाच्या नावावर, वीजबिल कोणाच्या, रेशनकार्ड कुठलं. पुनर्विकासात घर मिळतं ते माणसाला मिळत नाही, कागदाला मिळतं. विधवा, पोटभाडेकरू, भावाच्या नावावरच्या खोलीत आयुष्य काढलेली अविवाहित बहीण, गाळ्यात झोपणारा कामगार, अशी कागदाबाहेरची माणसं प्रत्येक चाळीत असतात. घर दुरुस्त होतं तेव्हा ती तिथेच राहतात. घर पाडलं जातं तेव्हा ती कुठल्याच यादीत नसतात.

माझी तक्रार एवढीच की पार्वती गावी गेल्यावर चित्रपट सुंदर होतो. समुद्र, मोकळी हवा, सुटका. मुंबईतलं घर हरणं पडद्यावर जवळजवळ कृपा वाटायला लागतं. माझ्या आईचं माहेर देवगडजवळ आहे. तिथे तिच्या वाट्याला अर्धी पडवी येते, आणि तिचं डायलिसिस परळला चालू आहे.

पाडण्यात पैसा आहे

दुरुस्तीची गोष्ट लिहिली गेली नाही, याचं एक कारण वाङ्मयाबाहेर आहे. दुरुस्तीत कोणाला पैसा मिळत नाही.

१९६९ च्या कायद्याने मुंबई शहरात इमारत दुरुस्ती मंडळ आलं. भाडेकरूंनी उपकर भरायचा, सरकारने भर घालायची आणि मंडळाने जुन्या इमारती दुरुस्त करायच्या. १९,६४२ इमारती अशा उपकरप्राप्त ठरल्या, त्यांतल्या १६,५०२ इमारती १९४० च्या आधीच्या. पुढे हे मंडळ म्हाडात आलं. कल्पना चांगली होती, आजही आहे. पण दुरुस्तीच्या खर्चाला दर चौरस मीटरमागे मर्यादा असते. त्यावरचा खर्च भाडेकरूंनी द्यायचा, नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरते. शंभर वर्षांच्या लाकडी तुळया त्या मर्यादेत बसायला नाखूश असतात. म्हणून टेकू येतात. टेकू स्वस्त असतात.

दुसऱ्या बाजूला, १९९१ च्या विकास नियमावलीतलं कलम ३३(७). जुनी उपकरप्राप्त चाळ पाडा, भाडेकरूंना नवं घर फुकट द्या, बदल्यात जादा एफएसआय घ्या आणि तो बाजारभावाने विका. पूर्वी ७० टक्के भाडेकरूंची संमती लागायची, आता ५१ टक्के पुरते. म्हणजे पाडणाऱ्याला कमाईचं साधन आहे, दुरुस्त करणाऱ्याला फक्त खर्च. लालबागमध्ये जमिनीचा भाव जितका चढेल तितकी पाडण्याची बाजू जड होते. १९९९ च्या कायद्यानुसार आमचं भाडं वर्षाला ४ टक्के वाढू शकतं. बाहेरचा भाव किती वाढतो, ते तुम्ही कुठल्याही ॲपवर बघू शकता.

पाडणं हे नेहमीच लबाडी असतं, असंही नाही. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोल्यांतल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्या दिवशीचे व्हिडिओ बघून आई रडली. त्या आनंदावर बाहेरून टीका करायचा अधिकार मला नाही. प्रश्न पुढच्या दहा वर्षांचा आहे. चाळीसेक मजल्यांच्या इमारतीची लिफ्ट, पंप, आगीची यंत्रणा यांचा महिन्याचा खर्च घरकाम करणाऱ्या बाईला, रिक्षावाल्याला, पेन्शनरला झेपेल का? झेपला नाही तर घर विकलं जातं, आणि विकत घेणारा लालबागचा नसतो. बीडीडीत निदान जमीन सरकारी आहे आणि म्हाडा समोर आहे. खासगी चाळीत समोर एक ब्रोशर असतं.

आणि टेकूंच्या भरवशावर राहणंही चालणार नाही. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळून ३० हून जास्त माणसं गेली. ती इमारत पुनर्विकासाच्या योजनेत आधीच होती. लोक वाट बघत राहिले आणि वाट बघण्याच्या काळात कोणी दुरुस्ती करत नाही. कशाला करायची, पाडायचीच आहे ना! हा मधला काळ सगळ्यात धोकादायक, आणि आमची चाळ गेली कित्येक वर्षं त्याच काळात राहते.

ज्यांनी न पाडता केलं

फ्रान्समधल्या बोर्दो शहरात ग्राँ पार्क नावाची वस्ती आहे. १९६० च्या दशकातल्या तीन लांबलचक इमारती, ५३० घरं, सगळी सार्वजनिक भाड्याची. अशा इमारती पाडण्याची तिथे लाट होती. आन लाकातों, जाँ-फिलिप वासाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या पाडल्या नाहीत. बाहेरच्या बाजूने प्रत्येक घराला काचेची खोली आणि बाल्कनी जोडली, न्हाणीघरं आणि वायरिंग नवं केलं, लिफ्ट बदलल्या. काम चालू असताना लोक आपापल्या घरातच राहिले आणि भाडं वाढलं नाही. २०१९ मध्ये या कामाला युरोपचा मीस फान डेर रोहे पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये लाकातों-वासाल जोडीला प्रित्झकर.

फोटो बघताना मला हसू आलं. त्यांनी जोडलेली ती बाल्कनी म्हणजे जवळजवळ आपली गॅलरी. आपल्याकडे गॅलरी आधीपासून आहे. बाहेरून जोडायचाय तो संडास आणि पाण्याचा पाइप.

मुंबईतही उदाहरण आहे. लाल चिमणी कंपाउंड, गरजू पारशी कुटुंबांसाठी एका न्यासाने बांधलेली घरं. वास्तुविशारद विकास दिलावरी यांनी त्यांची जपून दुरुस्ती केली आणि युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत तिची दखल घेतली गेली. बोर्दोत आणि इथे साम्य एकच. दोन्हीकडे मालकाला इमारत विकायची नव्हती. एकीकडे सार्वजनिक संस्था, दुसरीकडे धर्मादाय न्यास. दुरुस्ती सिमेंटने होते, पण आधी ती मालकीने होते. आमच्या चाळीचा मालक गेल्या वीस वर्षांत दोनदा बदलला. दोघांनाही आमचं भाडं नको होतं, जमीन हवी होती.

हे समजल्यावर मला वरची सगळी पुस्तकं नव्याने वाचावीशी वाटली. चाळीवर इतकं लिहिणाऱ्या आपल्या वाङ्मयात मालक बहुतेक वेळा एक विनोदी किंवा खलनायकी माणूस असतो. मालकी ही बदलता येणारी गोष्ट आहे, भाडेकरूंची सोसायटी किंवा महापालिका किंवा न्यास मालक होऊ शकतो, ही कल्पना गोष्टीत शिरतच नाही. मग ती सोसायटीच्या मीटिंगमध्ये तरी कुठून येणार? माणूस मीटिंगला येताना डोक्यात ऐकलेल्या गोष्टी घेऊन येतो. आमच्या मीटिंगमध्ये एक गट भावुक होता आणि एक गट घाईत होता. तिसरा गट नव्हता.

सही

मी आईला हे सगळं सांगितलं. पु.ल., नगरकर, पार्वती, बोर्दो. ती तांदूळ निवडत ऐकत होती.

"म्हणजे दुरुस्ती करावी म्हणतोस."

"आत संडास घेऊन दुरुस्ती. लोक न हलवता. होतं तसं, आई. केलंय लोकांनी."

"केलं असेल. इथे कोण करणार?"

मी गप्प बसलो. मंडळ मर्यादेवर बोट ठेवेल, मालक वाट बघेल, आणि ५१ टक्के होत आलेत. आईने ताट बाजूला ठेवलं, पिशवी काढली आणि दुरुस्तीच्या अर्जावर सही केली. मग दुसरा कागद उचलून बराच वेळ वाचला आणि सही न करता परत आत ठेवला. "दिवाळीपर्यंत राहू दे," म्हणाली. "तोवर तो अर्ज कुठे पोचला ते तू बघ. नुसता लेख लिहू नकोस."

अर्ज मी जमा केलाय. पोच पावती लाल वहीत चिकटवलीय, डांबराच्या बिलाच्या खाली. बल्बही बदललाय.